लाल पाण्यातली गोळी

आम्ही मूळचे गुरव. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या देवळात वडील पूजेला होते. फुलं काढायची, पत्रावळी लावायच्या, सणाला ढोल बडवायचा, आणि गावात कुणाचं काही अडलं, मुलीचं लग्न जमत नाही, म्हैस परत आली नाही, विहीर कुठे खणू, तर देवाला कौल लावायचा. कौल म्हणजे काय, तर देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. बाई, तुम्ही माझ्या पारूचं लिहून घ्यायला आलात, मंडळाच्या पुस्तकात चळवळीत गेलेल्या बायकांमध्ये तिचं नाव घालायचं म्हणता, आणि हा माणूस गावचं देऊळ काय सांगत बसला असं तुम्हाला वाटत असेल. पण पारूचं सांगायचं तर मला तिथूनच यावं लागतं. दुसरी वाट असती तर मी तीच धरली असती. आजवर तीच धरली होती.

वडिलांच्या हाताकडे मी लहानपणापासून बघत आलो. पाकळी पाण्यात किती बुडवायची, बोटाने किती दाबायची, ते त्या हाताला बरोबर कळायचं. मी एकदा विचारलं, बाबा, कमी ओली असली तर ती लवकर पडता काय. एक थोबाडीत बसली. उत्तर तेवढंच मिळालं, पण मला पुरलं.

चौथीपर्यंत शिकलो, मग वडील वारले, देऊळ चुलत्याकडे गेलं आणि मी मुंबईला आलो. मावसभावाचा फुलांचा धंदा होता भुलेश्वराला, त्याच्याकडे लागलो. काम फुलपुडीचं. रोजच्या पूजेची फुलं, दूर्वा, तुळस, चार बेलाची पानं, सगळं पळसाच्या पानात बांधायचं, दोरा गुंडाळायचा आणि ठाकूरद्वारापासून खोताच्या वाडीपर्यंत घराघराच्या कडीला पुडी अडकवून पुढे जायचं. लोक उठलेले नसतात, कुणाशी बोलावं लागत नाही. मला ते बरं वाटायचं. मी पहिल्यापासून कमी बोलणारा. घरात बोलायला पारू होती, ती दोघांचं बोलायची.

पारू मालवणकडची. लग्न होऊन लालबागला चाळीत आली तेव्हा तिसऱ्या दिवशी सगळ्या गॅलरीला तिचं नाव माहीत, आणि मला तिथे राहून तीन वर्षं झाली होती तरी शेजारचा मला अहो फुलवाले म्हणायचा. शालू झाली, शालू चालायला लागली आणि पारू मिलमध्ये गेली, वाइंडिंग खात्यात, बायका सूत गुंडाळायच्या कामाला असतात तिथे. सकाळी मी ट्रामने गिरगावला, ती पायी मिलमध्ये. संध्याकाळी मी घरी आलो की मला म्हणायची, काय ओ, आज फुलांशी काय काय बोललास ता तरी सांगा, माझ्याशी तर बोलणा नाय. मी हसायचो. काय सांगू तुम्हाला, मी नुसता हसायचो, आणि तिला ते पुरायचं.

मग संयुक्त महाराष्ट्राचं सुरू झालं. ते मी सांगायला नको, तुम्ही स्वतः त्यातल्याच. लालबाग-परळात एकही घर बाहेर नव्हतं. पहाटेची फेरी निघायची, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि त्यात पारूचा आवाज आमच्या खोलीपर्यंत वेगळा ऐकू यायचा. फाउंटनला गोळीबार झाला, इथे अश्रुधूर सोडला, त्या दिवशी गॅलरीत बादल्या भरून ठेवून येईल त्याचे डोळे धुवायला पारूच उभी होती. मी पुड्या बांधत होतो. भित्रा म्हणा हवं तर. कर्फ्यूमध्येसुद्धा देवाला फूल लागतं असं मी म्हणायचो, आणि ती म्हणायची, देवाक सांगा, चार दिवस थांब म्हणान.

तिचं डोकं दुखायचं. आधी कुणी लक्ष दिलं नाही, खात्यात आवाज असतो, कापूस उडतो, डोकं दुखणारच. मग एकदा खात्यात नाकातून रक्त आलं आणि ती बसकण मारून बसली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना होता, तिथले डॉक्टर म्हातारे, शांत माणूस. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, उतरवला, पुन्हा फुगवला आणि म्हणाले रक्तदाब फार आहे. खारी मासळी बंद, लोणचं-पापड बंद, वरून मीठ घ्यायचं नाही. आणि गोळी दिली. सर्पगंधेच्या मुळाची, रोज न चुकता. पारू म्हणाली, डॉक्टर, मालवणच्या बायलमाणसाक सुकट बंद म्हणजे सरळ घाटावर न्हेवन ठेवा ना. डॉक्टरही हसले.

आता गंमत म्हणजे पारूला गोळी गिळता येत नसे. एवढी धीट बाई, पण गोळी घशाशी गेली की उमासा यायचा, बाहेर. मग मी ती वाटीत चमच्याने घासून भुकटी करायचो आणि पाण्यातून द्यायचो. ती कडू. तोंड वाकडं करायची, अर्धी सांडायची.

खोताच्या वाडीत एक मारीबाय होती. ख्रिस्ती बाई, विधवा, तिला फुलपुडी कशाला लागणार, पण तिच्या दाराशी जास्वंदीचं मोठं झाड होतं, लाल, एकेरी पाकळीचं, आणि ती मला रोज फुलं काढू द्यायची. मी तिच्या नवऱ्याच्या तसबिरीसाठी चार शेवंतीची फुलं ठेवायचो, असा आमचा व्यवहार. नवरा बोटीवर कामाला होता. एकदा कडूपणाचं बोलणं निघालं तर ती म्हणाली, अरे, आमचा माणूस मिसर देशातून सुकलेली लाल फुलं आणायचा, तिकडे चहासारखी उकळून पितात, थंड करूनसुद्धा पितात, प्रेशरवाल्याला चांगली म्हणायचा. ही तुझी जास्वंद तसलीच की, करून दे बायकोला, गोळीचा कडूपणाही लपेल. मी त्याच दिवशी केलं. पाच फुलं, मधला केसराचा दांडा आणि खालची हिरवी टोपी काढून टाकायची, पाकळ्या धुऊन कल्हईच्या भांड्यात, वरून कढत पाणी, झाकण. पाणी आधी जांभळट काळं दिसतं, जरा बुळबुळीतही लागतं, पण लिंबू पिळलं की बघता बघता लालभडक होतं. थोडा गूळ घालायचा. पारूने पेला वर धरून उजेडात बघितला आणि म्हणाली, ह्या रगात माका कित्याक पाजतास ओ. पण प्यायली. सगळं प्यायली. गोळी त्यात होती, तिला कळलीसुद्धा नाही.

मी डॉक्टरांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, हे बघ, मिसरातलं ते फूल नव्हे, बोंड असतं, आपल्या अंबाडीच्या जातीचं, ते मुळातच आंबट. तुझी जास्वंद त्याच घराण्यातली, पण ती नव्हे, तुझ्यातला आंबटपणा लिंबाचा. तरी वाईट नाही. लघवी साफ होते, अंगातली आग शमते, दाबाला थोडा उतार पडतो असं जुने लोक म्हणतात, मला ते अगदी खोटं वाटत नाही. लिंबाने रक्ताला बरं. चहाचे दोन कप कमी होतात तोही फायदाच. पण किती उतार पडतो, कुणाला पडतो, हे कुणी मोजलेलं नाही, आणि गोळी मोजलेली आहे. तेव्हा फूल चालू ठेव, पण गोळी सोडायची नाही. चक्कर आली, फार गळून गेली तर मला येऊन सांग, आपल्या मनाने काही करायचं नाही. आणि पोटुशी बाईला हे फुलाचं पाणी देऊ नकोस कधी, गर्भाला वाईट. जाताना पुन्हा म्हणाले, गोळी सोडायची नाही. मी पायरी उतरलो तर मागून पुन्हा एकदा म्हणाले. तीनदा सांगितलं त्यांनी. म्हणून मला कधी म्हणता आलं नाही की मला माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी पट्टा बांधला तर दाब खूप उतरला होता. डॉक्टर म्हणाले छान. आणि मला काय वाटलं सांगू, मला वाटलं हे माझ्या फुलाने केलं. जन्मभर देवाला वाहायची, दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकायची, त्या फुलाने माझी बायको बरी केली. मी मारीबायला सांगितलं, ठाकूरद्वारच्या दोन गिऱ्हाइकांना सांगितलं, मी, जो कुणाशी बोलत नाही. गोळीचं नाव कुणाकडे काढलं नाही.

पण पारू बदलली. डोकं दुखायचं थांबलं आणि पारूही थांबली. कामावरून आली की भिंतीला टेकून बसायची. नाक सारखं चोंदलेलं. विचारलं तर बोलायची, नाही तर नाही. फेरीला जाणं सोडलं. खात्यातल्या बायका बोलवायला यायच्या, ही आतूनच म्हणायची, जावा तुम्ही. भाकरी करताना मध्येच रडायची, का गो म्हटलं तर म्हणायची, खय काय, असाच. एकदा शालू जिन्यावरून पडली, गुडघा फुटला, रडत आली, तर पारू तिच्याकडे बघत राहिली. जखम मी धुतली. शालू झोपायला गेल्यावर मला म्हणाली, ओ, माका कसलाच काय वाटणा नाय. चेडू पडला तरी वाटला नाय. माझा काय झाला.

मी दवाखान्यात गेलो, गेलो नाही असं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळीने कधी कधी मन असं पडतं, सोमवारी तिला घेऊन ये, बघून गोळी अर्धी करू, नाही तर दुसरं काही देऊ. एवढं सोपं होतं. सोमवारी घेऊन ये. सोमवारी ती म्हणाली माका उठूचो कंटाळो येता, आणि मी म्हटलं, राहू दे. पुढच्या सोमवारी मी विचारलंच नाही, कारण तोपर्यंत मी कौल लावला होता.

खोलीत कोनाड्यात गावच्या देवाचा टाक आहे, आमच्या आजोबांपासूनचा. पारू कामावर, शालू शाळेत, सकाळच्या पुड्या टाकून मी परत आलो होतो. जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेतल्या. गाऱ्हाणं घातलं, वडील घालायचे तसं, बा देवा महाराजा, गोळी बंद करून नुसत्या फुलावर ठेवू काय, तुझंच फूल आहे, तूच सांग. आणि डावी पाकळी मी पाण्यात पुरती बुडवली, चांगली दाबून बसवली. उजवी नुसती ओल्या बोटाला लावली आणि टेकवली.

ती पडणारच होती. मी गुरवाचा मुलगा. कोणती पाकळी कधी पडणार ते माझ्या बोटांना माहीत होतं, आणि तरी ती पडली तेव्हा मी कपाळ टेकलं आणि म्हटलं, देव हो म्हणाला. त्या वेळी मला ते खरं वाटलं. हे कसं, ते मला अजून सांगता येत नाही. माणूस स्वतःच्या हाताने करतो आणि स्वतःच आश्चर्य करतो. मला माझी बायको परत हवी होती. दुसरं काही नव्हतं मनात, एवढं मात्र मी कुठेही शपथेवर सांगेन. पण नुसती हवी होती म्हणून भागत नाही. मी तिला विचारलं नाही. तिच्या पोटात जायचं होतं, तिच्या जिवाचं होतं, आणि विचारलं कुणाला, तर एका पाकळीला.

दुसऱ्या दिवसापासून पाणी नुसतं फुलाचं. पण तिला कळू नये म्हणून मी रिकाम्या वाटीत चमचा घासायचो. तो आवाज तिच्या सवयीचा झाला होता ना. गोळ्या आणत होतो, वेळच्या वेळी आणत होतो, आणि गिरगावातलं निर्माल्य मी चौपाटीवर सोडायचो, त्यातच त्या सोडायचो. जुन्या फुलांमध्ये पांढऱ्या गोळ्या. लाट यायची, घेऊन जायची.

पंधरा-वीस दिवस गेले आणि एका सकाळी पारू नळावर शेजारणीशी भांडली. पाण्याच्या नंबरावरून. मी खोलीत पुड्यांचा दोरा गुंडाळत होतो, ऐकलं आणि हातातला दोरा तसाच राहिला. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. आत आली, डोळे चमकत होते, म्हणाली, काय बघतास, माझा बरोबर होता की नाय. मी म्हटलं, होता गो, तुझंच बरोबर.

पुढचे चार महिने, आता काय सांगू तुम्हाला, ते चार महिने मला सांगायला नकोत असं वाटतं. तुम्ही जी पारू लिहायला आलात ती त्या चार महिन्यांतली आहे. बायकांचा मोर्चा तिने जमवला तो तेव्हा. मिलच्या दारावर उभी राहून साहेबाची नक्कल केली, पोलिसाला म्हणाली, भाऊ, तुझी आई खयच्या गावची, आणि तो मराठी पोलीस लाठी खाली करून हसला, ते तेव्हाच. रात्री जेवताना शालूला सगळं साभिनय दाखवायची. सुकट मागायला लागली, मी आणून दिली. डॉक्टर काय म्हणतील म्हणाली, तर मी म्हटलं, एवढीशी चालते. पट्टा बांधायला जाऊया का असंही एकदा तिनेच विचारलं. मी म्हटलं, बरी आहेस तर कशाला. मला भीती होती, पट्टा खरं बोलेल. म्हणजे बघा, भीती होती. म्हणजे आत कुठे तरी मला ठाऊक होतं.

अधूनमधून तिचं डोकं दुखायला लागलं होतं. ती म्हणायची, घोषणा देवन दुखता. मी दोन फुलं जास्त टाकायचो.

मोठा मोर्चा झाला, लालबागहून फोर्टापर्यंत, उन्हाचा, त्यात ती पहिल्या रांगेत होती हे सगळ्यांनी बघितलंय. लाठ्या चालल्या, हिला लागली नाही, पण पळापळीत पडली, उठली, पुन्हा चालली. संध्याकाळी घरी आली, आवाज बसलेला, पाय सुजलेले, पण खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेली. कळशी भरत आली होती. शेजारीण सांगते, तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द वाकडाच आला, बायकांना वाटलं नक्कल करतेय, म्हणून त्या हसल्या. मग ती खाली बसली. मी धावलो तेव्हा उजवा हात लोंबत होता.

परळच्या मोठ्या इस्पितळात नेली. तिथला तरुण डॉक्टर कागद घेऊन उभा राहिला. प्रेशर होतं का? होतं. गोळी चालू होती? मी म्हटलं, हो. नियमित? मी म्हटलं, रोज माझ्याच हाताने देतो. एकही दिवस चुकली नाही? नाही. तो म्हणाला, मग नवल आहे, आणि त्याने लिहून घेतलं. मागे आमच्या चाळीतले चार लोक उभे होते. त्यातला एक म्हणाला, काल मोर्चात पडली ना, त्याचंच हे. मी मान हलवली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. पारूचं जे झालं ते काय झालं, हे त्या घटकेला ठरलं. पुढे सगळ्यांनी तेच सांगितलं आणि मी ऐकत राहिलो. बोलत नाही हा माझा स्वभावच आहे असं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

नऊ दिवस होती. वाचा गेली होती, डोळे जिवंत होते. मी बसून असायचो. नर्स चमच्याने दूध घालायची. पारू माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं ही विचारतेय, गोळी तर रोज घेत होते ना मी, मग असं कसं. विचारत होती की नाही देवाला ठाऊक. एकदा, सातव्या दिवशी असेल, मी उठून तिच्या कानाशी तोंड नेलं. सांगायचं म्हणूनच नेलं. मोकळं व्हायचं होतं. आणि तोंडातून काय निघालं, तर, शालू जेवली गो. तिने डोळे मिटले. बरं वाटलं असेल तिला.

तिला चाळीतून नेलं तेव्हा दोन्ही गॅलऱ्या भरल्या होत्या. घोषणा दिल्या. शालू बारा वर्षांची, तिने माझा दंड धरून ठेवला होता. मंडळाने तसबीर लावली, तुम्ही बघितलीच. दर वर्षी हार माझ्याकडून जातो. महाराष्ट्र झाला त्या दिवशी मला वर बोलावलं, नारळ दिला, शाल घातली, आणि खाली बसलेली शालू पदराने डोळे पुसत होती. मी शाल घेतली. खांद्यावर तशी घेऊन घरी आलो.

गेल्या वर्षी शालूचं लग्न केलं. जावई चांगला आहे, हिंदमाताला कापडाच्या दुकानात असतो. तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यात आली होती चार दिवस राहायला. पायावर सूज होती. म्हणाली, बाबा, शीवच्या इस्पितळात तपासलं, प्रेशर निघालं, गोळी दिलीय पण तिने मळमळतं. आईला तुम्ही ते जास्वंदीचं पाणी करून द्यायचात ना, ते करा की मला. आईचं दुसरं काही राहिलं नाही, निदान ती प्यायची ते पिते. मी म्हटलं, फुलं नाहीत. ती म्हणाली, फुलवाल्याच्या घरात फुलं नाहीत, बाबा, काहीतरीच. आणि उठून भांडं घ्यायला गेली.

मी तिचं मनगट धरलं. पोटुशी बाईला देऊ नको म्हणाले होते डॉक्टर, एवढंच सांगून भागलं असतं. ते खरंच होतं. तेवढं सांगून मी पुन्हा सुटलो असतो, तिला संशयही आला नसता. पण तिच्या पिशवीत त्या गोळ्या दिसत होत्या आणि ती म्हणाली, आईनेसुद्धा गोळ्या घेतल्याच की, काय उपयोग झाला. तेव्हा मात्र मला राहवेना. तिने गोळी टाकली असती, बाई. माझ्या खोट्यावर विसंबून टाकली असती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटी, चमचा, कौल, चौपाटी, इस्पितळातला कागद. आयुष्यात एवढं एका दमात मी बोललो नव्हतो.

ती खाली बसली. म्हणाली, आईला कळलं होतं? मी म्हटलं, नाही. तुम्ही सांगितलं नाहीत? नाही. नऊ दिवस होते, बाबा. मी म्हटलं, होते. मग म्हणाली, इतकी वर्षं मी त्या लाठीवाल्यांना तळतळाट देत आले. एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. पिशवी उचलली आणि त्याच दुपारी सासरी गेली.

मी मंडळाच्या चिटणिसांकडेही गेलो होतो. ते म्हणाले, विश्रामदा, कशाला आता हे उकरता, बाईचं नाव झालंय ते राहू दे, ती मोर्चात चालली हे तर खोटं नाही. नाही, ते खोटं नाही. ती चालली. पण गोळी असती तर चालली असती की भिंतीला टेकून बसली असती, आणि तशी का होईना, आज असती, हे मी कुणाला विचारू. सोमवारी नेली असती तर कदाचित चाललीही असती आणि राहिलीही असती. तुम्हाला पुस्तकात ती घालायची तर घाला, तिचा मान तिचा आहे, त्यातला चिमूटभर कमी करू नका. पण माझंही घाला. नवरा रोज गोळी देत होता असं लिहू नका.

शालूची गोळी चालू आहे. पट्टा बांधून आली, दाब ताब्यात आहे म्हणाली. महिनाभर आली नव्हती, आता रविवारी येते. जावई जिन्यापर्यंत सोडतो. वाकून नमस्कार करते, खोली झाडते, माझे कपडे वाळत घालते, दोन शब्द बोलते. पण काही घेत नाही. चहा करतो म्हटलं तर नको म्हणते. परवा जिना चढून आली, धाप लागली होती, मी माठातलं पाणी भरून पुढे केलं. तिने पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून बाटली काढली, घरून भरून आणलेली, तिने स्वतः भरलेली. तोंड फिरवून प्यायली, मला दिसू नये म्हणून. मी पेला परत ठेवला.

तिचं बरोबर आहे. तिने घेऊ नये. तिच्या पोटात जीव आहे. तिने अशीच सावध राहावं, बघून घ्यावं, विचारून घ्यावं, आणि सुखरूप सुटावं. दुसरं काही मी देवाकडे मागत नाही, आणि तेही आता हात जोडून मागतो, पाकळी लावत नाही.